उत्पन्न सारखे, पण गाठीशी पुंजी असलेल्याचे मन अधिक स्थिर का असते?

प्रश्न: हिशेबवही

नमस्कार. अल्प उत्पन्न असलेल्या प्रौढांच्या एका बचत गटाचे हिशेब मी गेली सहा वर्षे स्वयंसेवक म्हणून लिहिते. या कामात एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते आणि तिचा उलगडा मला एकटीला होत नाही, म्हणून ती येथे जरा सविस्तर मांडते आहे.

गटातील दोन सभासदांची मिळकत जवळजवळ सारखी आहे. दोघींच्या घरी खाणारी तोंडे तेवढीच आणि दोघींचे कामही दिवसभर उभे राहून करण्याचे. पहिलीच्या खात्यावर सुमारे दोन महिन्यांच्या घरखर्चाइतकी शिल्लक आहे. दुसरीच्या खात्यावर काहीच नाही. उलट तीन ठिकाणची देणी आहेत. पहिली बैठकीला आली की मुलीच्या पुढच्या वर्षाच्या प्रवेशाविषयी बोलते. दुसरी दाराजवळ बसते, फोन पालथा करून मांडीवर ठेवते आणि तो थरथरला की तिचा हात त्याच्यावर जातो, पण ती तो उचलत नाही. तिला रात्री धड झोप नाही, जेवणावरची वासना उडाली आहे, आणि गेल्या तीन महिन्यांत तिने दोनदा भरण्याची पावती हरवली. एकदा तर तीच रक्कम दुसऱ्यांदा भरायला ती रांगेत उभी राहिली होती. दोन वर्षांपूर्वीची ही बाई अशी नव्हती.

दोघींच्या मिळकतीत फरक नाही, मग मनःस्थितीत एवढा फरक कशामुळे? शिल्लक आहे म्हणून पहिलीचे मन थाऱ्यावर आहे, की मन थाऱ्यावर आहे म्हणून तिला शिल्लक टाकता आली? आणि मला सर्वांत अधिक सतावणारा प्रश्न असा, की मी दर बैठकीत सर्वांना “थोडी तरी बचत करा” असे सांगते, त्याने दुसरीसारख्या सभासदांचे भले होते की त्यांच्या ओझ्यात भर पडते? ज्यांनी या विषयाचा अभ्यास केला आहे किंवा जे यातून गेले आहेत, त्यांनी कृपया लिहावे.


उत्तर: मोजपट्टी

सार्वजनिक आरोग्याच्या आकडेवारीवर माझे काम चालते, म्हणून आपल्या पहिल्या दोन प्रश्नांपुरते लिहितो.

उत्पन्न हा ओघ आहे आणि पुंजी हा साठा आहे. आपल्याकडे गरिबी मोजताना बहुधा ओघच मोजला जातो, कारण तो विचारायला सोपा असतो. साठा विचारला की माणसे संकोचतात, आणि देणी वजा करून निव्वळ मत्ता काढायची म्हटली तर आणखीच अवघड. त्यामुळे मनःस्वास्थ्याच्या पुष्कळ अभ्यासांत पुंजी हा घटक कित्येक वर्षे बाजूलाच राहिला. अमेरिकेतील समाजकार्याचे प्राध्यापक मायकेल शेराडन यांनी १९९१ मध्ये ही उणीव ठळकपणे मांडली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की उत्पन्नाने आजचा दिवस भागतो, पण हाताशी पुंजी आली की माणसाची पुढच्या दिवसांकडे पाहण्याची दृष्टी बदलते, आणि म्हणून गरिबांना केवळ खर्चापुरते साहाय्य न देता पुंजी उभी करण्यासही हातभार लावला पाहिजे.

आकडे काय सांगतात ते पाहू. २०२० मध्ये कोविडच्या पहिल्या लाटेत अमेरिकेतील प्रौढांची जी पाहणी झाली, तिच्यात नैराश्याची लक्षणे असलेल्यांचे प्रमाण आधीच्या सुमारे ८.५ टक्क्यांवरून २७.८ टक्क्यांवर गेलेले आढळले. त्याच पाहणीत ज्यांची बचत ५,००० डॉलरपेक्षा कमी होती, त्यांच्यात अशी लक्षणे असण्याची संभाव्यता इतरांच्या सुमारे दीडपट निघाली, आणि हा हिशेब उत्पन्नाचा परिणाम वेगळा काढून केलेला होता. म्हणजे आपल्या गटातील दोघींमध्ये आपणास जे दिसते, ते मोठ्या पाहणीतही दिसते. मिळकत सारखी धरली तरी शिल्लकीचा फरक उरतोच.

मात्र एवढ्यावरून “शिल्लकीमुळे मन स्थिर झाले” असे म्हणता येत नाही, आणि आपण उलटा प्रश्न विचारलात हे फार योग्य केलेत. खचलेल्या मनाच्या माणसाची कामावरची हजेरी कमी होते, कागदपत्रे वेळेवर होत नाहीत, औषधोपचाराचा खर्च वाढतो आणि होती नव्हती ती शिल्लक संपते. दोन्ही दिशांनी परिणाम होतो, हे २०२० मध्ये रिडली, राव, शिल्बाख आणि विक्रम पटेल यांनी या विषयावरील पुरावा एकत्र करून दाखवून दिले. त्यांच्या आढाव्यानुसार एकाच ठिकाणच्या सर्वांत कमी उत्पन्नाच्या लोकांत नैराश्य वा चिंताविकार असण्याचे प्रमाण सर्वांत श्रीमंत लोकांच्या दीड ते तीन पट असते.

मग दिशा ओळखायची कशी? त्यासाठी असे प्रसंग शोधावे लागतात, की जेथे पुंजी कोणाला मिळावी हे माणसाच्या स्वभावाने ठरलेले नसून निव्वळ चिठ्ठी टाकून ठरलेले असते. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात २००७ मध्ये जन्मलेल्या बाळांमधून अशा चिठ्ठ्या टाकून काही बाळांच्या नावे उच्च शिक्षणासाठी खाते उघडले गेले आणि प्रत्येक खात्यात १,००० डॉलर ठेवले गेले. बाकीच्या बाळांना तसे खाते मिळाले नाही. काही वर्षांनी दोन्ही बाजूंच्या मातांना प्रश्न विचारले, तेव्हा खाते मिळालेल्या बाळांच्या मातांमध्ये नैराश्याची लक्षणे थोडी कमी आढळली. मला या प्रयोगात सर्वांत बोलकी वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. तो पैसा त्या मातांना घरखर्चासाठी काढता येणार नव्हता. त्याने त्यांचे एकही देणे फिटले नाही, एकही अडचण त्या महिन्यात निभावली नाही, आणि तरीही मनावर परिणाम झाला. याचा अर्थ पुंजी खर्चाला उपयोगी पडते तेवढ्यानेच दिलासा देते असे नाही. लेकराच्या पुढच्या आयुष्यात काहीतरी तरतूद झालेली आहे, एवढ्या जाणिवेनेही मनाला आधार मिळतो.

केनियात गरीब कुटुंबांना विनाअट रोख रक्कम देऊन हाउसहोफर आणि शापिरो यांनी केलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मानसिक स्वास्थ्य सुधारले, ताण कमी झाल्याचे लोकांनी सांगितले, पण ताणाचे शारीरिक मोजमाप म्हणून लाळेतील कॉर्टिसॉल तपासले असता सरासरीत फरक दिसला नाही. रोख साहाय्याच्या ४५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२२ मध्ये आला. त्यातही परिणाम चांगल्या बाजूचा आहे, पण लहान आहे. तेव्हा आशा ठेवावी, परंतु पैसा दिला की नैराश्य गेले असे समीकरण कोणी मांडत असेल तर ते मान्य करू नये.


उत्तर: ऐकणारी

मी समुपदेशक आहे. मोजपट्टी यांनी पुंजीची बाजू मांडली. मला आपल्या दुसऱ्या सभासदाविषयी, म्हणजे देण्यांविषयी, लिहायचे आहे. माझ्याकडे येणाऱ्या कमी उत्पन्नाच्या माणसांच्या बोलण्यात “माझ्याकडे शिल्लक नाही” हे वाक्य क्वचित येते, “कोणाकोणाचे द्यायचे आहे” हे मात्र पहिल्या दहा मिनिटांत येते. शून्य शिल्लक ही उणीव असते. थकलेले देणे मात्र रोज दार ठोठावते.

आपण लिहिलेत की तिची तीन ठिकाणची देणी आहेत. एकूण रक्कम किती हे महत्त्वाचे आहेच, पण ठिकाणे किती हेही तितकेच महत्त्वाचे असते. सिंगापूरमध्ये दीर्घकाळ कर्जात असलेल्या १९६ अल्प उत्पन्न कुटुंबांना एका धर्मादाय योजनेतून ५,००० सिंगापूर डॉलरपर्यंतची कर्जमुक्ती मिळाली, तिचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणाची एकच मोठी थकबाकी फिटली, तर कोणाची तेवढ्याच पैशांत चार-पाच लहान खाती बंद झाली. अभ्यासकांना असे आढळले, की आणखी एक खाते पूर्ण मिटले की चिंतेची लक्षणे दिसण्याची शक्यता ११ टक्क्यांनी घटते आणि लक्ष व विचारशक्ती यांच्या चाचण्यांतील कामगिरीही सुधारते. रक्कम तेवढीच राहूनही खाती कमी झाल्याने मन हलके होते, कारण प्रत्येक देण्याची तारीख वेगळी, वसुलीचा फोन वेगळा, द्यायची सबब वेगळी, आणि हे सारे एकाच डोक्याला सांभाळायचे असते.

तिच्या विसराळूपणाबद्दल माझी कळकळीची विनंती आहे, की त्याला निष्काळजीपणा समजू नका. तमिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची कापणीआधी आणि कापणीनंतर चाचणी घेतली गेली, तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच माणसांची तर्काची व लक्ष देण्याची क्षमता हात आखडलेला असताना कमी आणि पैसे आल्यावर जास्त दिसली. या अभ्यासावर पुढे पुष्कळ चर्चा झाली आहे आणि अशा सर्वच प्रयोगांचे निकाल पुन्हा तसेच आले असे नाही, परंतु ओडिशात पानांच्या पत्रावळी तयार करणाऱ्या कामगारांवरचा अभ्यास मला जास्त पटतो, कारण त्यात चाचणी नसून रोजचे काम मोजले आहे. ज्या कामगारांना मजुरीचा मोठा भाग थोडा आधी हाती दिला, त्यांनी त्या दिवसांत सुमारे ७ टक्के अधिक पत्रावळी केल्या आणि त्यांच्या हातून चुकाही कमी झाल्या. मजुरीचा दर वाढलेला नव्हता. फक्त डोक्यातला घोर थोडा लवकर उतरला होता.

यावरून हप्त्यांच्या रचनेचा विचार करता येतो, आणि तो आपल्या हातात आहे. कोलकात्यातील लघुकर्जदारांपैकी काहींना आठवड्याऐवजी महिन्याला हप्ता भरण्याची मुभा चिठ्ठ्या टाकून दिली गेली. २०१२ मध्ये आलेल्या या अभ्यासानुसार महिन्याचा हप्ता असलेल्यांमध्ये परतफेडीविषयी धास्ती वा चिंता वाटत असल्याचे सांगण्याची शक्यता ५१ टक्क्यांनी कमी होती. कर्ज तेच होते, फक्त महिन्यातून चारदा येणारी धाकधूक एकदा येऊ लागली.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. झोप उडणे, भूक जाणे, लक्ष न लागणे ही लक्षणे आपण लिहिली आहेत. ती दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस राहिली असतील, तर पैशाची व्यवस्था होईपर्यंत थांबू नये. नैराश्य तपासण्यासाठी नऊ प्रश्नांची एक साधी प्रश्नावली असते. ० ते २७ गुण असतात आणि १० किंवा त्याहून अधिक गुण आले तर डॉक्टरांकडून नीट तपासणी करून घ्यावी असा प्रघात आहे. “पैशाचीच काळजी आहे, पैसे आले की बरे होईल” असे म्हणून माणसे वर्षानुवर्षे उपचार टाळतात, आणि दरम्यान आजार मुरतो. काळजीला खरेखुरे कारण आहे म्हणून आजार खोटा ठरत नाही.


उत्तर: रात्रपाळी

मी अभ्यासक नाही. मी रात्रपाळीत मालाची चढउतार करतो आणि या धाग्यातील दुसऱ्या बाईसारखी माझी अवस्था चार वर्षे होती, म्हणून लिहितो.

त्या काळात पहाटे तीनच्या सुमारास जेवणाची सुट्टी असे. मी जुन्या पावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर देण्यांची बेरीज मांडत असे. आकडे मला पाठ होते, बेरीज दरवेळी तीच येत असे, आणि तरीही मी ती रोज मांडत असे, जणू एखाद्या दिवशी ती कमी येईल. खिशात अशा घड्या केलेल्या पावत्यांचा गठ्ठा झाला होता. घरी कोणी “काय झाले” असे विचारले की मी चिडत असे. मला वाटायचे मी स्वभावानेच असा झालो आहे.

माझा पगार वाढला नाही. बदल झाला तो असा, की एका परिचिताने माझ्याबरोबर बसून सर्वांत लहान देणे आधी मिटवायला लावले, आणि ते मिटल्यावर त्याच हप्त्याची निम्मी रक्कम वेगळ्या खात्यात टाकायला सांगितले. पंधरवड्याच्या खर्चाएवढी रक्कम साठायला मला अकरा महिने लागले. त्यानंतर एकदा आमच्या मालकाने पगार नऊ दिवस उशिरा दिला. पूर्वी असे झाले असते तर पहिल्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला असता. या वेळी मी त्या खात्यातून भाडे भरले आणि रात्री झोपलो. त्या झोपेची किंमत मला आजही सांगता येणार नाही. साठलेले पैसे त्या एका महिन्यात संपले, पुन्हा शून्यापासून सुरुवात झाली, पण आपण एक संकट कोणापुढे हात न पसरता निभावले, ही गोष्ट काही संपली नाही.

आता हिशेबवहीताईंच्या तिसऱ्या प्रश्नाविषयी. “बचत करा” हे वाक्य मी त्या चार वर्षांत किती वेळा ऐकले याची गणती नाही, आणि प्रत्येक वेळी मान खाली गेली. ज्याच्या हातात महिन्याच्या वीस तारखेला काही उरत नाही, त्याला ते वाक्य “तू नालायक आहेस” असे ऐकू येते. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो हे मला आज कळते. तेव्हा कळत नव्हते.

आणखी एक बाजू आहे, तिच्याविषयी फार कोणी बोलत नाही. शिल्लक पडली की ती लपवावी लागते. माझ्यासारख्याच अडचणीत असलेले भाऊ, मेव्हणे, सोबती यांना कळले की मागायला येतात, आणि त्यांची नड खरी असते. नाही म्हटले तर रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. हो म्हटले तर शिल्लक जाते. मी दोन्ही करून पाहिले आहे. गरीब माणसाची पुंजी त्याच्या एकट्याची नसते, आणि म्हणून ती त्याला एकट्याने निवांतपणा देत नाही.


उत्तर: कलम_पोटकलम

रात्रपाळी यांनी जे लिहिले ते वाचून थांबलो, कारण शिल्लक लपवण्याची पाळी केवळ नातलगांमुळे येत नाही, नियमांमुळेही येते. अनेक कल्याणकारी योजनांत लाभार्थ्याच्या नावे ठरावीक रकमेपेक्षा अधिक पुंजी असली की लाभ बंद होतो. अमेरिकेत वृद्ध आणि अपंग गरिबांसाठी असलेल्या पूरक उत्पन्न योजनेत ही मर्यादा एकट्या व्यक्तीसाठी २,००० डॉलर आणि जोडप्यासाठी ३,००० डॉलर आहे, आणि १९८९ पासून ती वाढवलेली नाही. इतक्या वर्षांच्या महागाईने त्या आकड्याचे मोल किती घसरले असेल, याची कल्पना करावी. अशा माणसाला आपण बचतीचे महत्त्व सांगतो आणि नियम त्याला सांगतो की बचत केलीस तर दरमहाचा आधार जाईल. ज्या अपंग माणसाला औषधासाठी, साधनाच्या दुरुस्तीसाठी गंगाजळीची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ती ठेवायची मनाई आहे. या अन्यायाची मला चीड येते आणि ती मी लपवत नाही.

ऐकणारी यांच्या कर्जमुक्तीच्या मुद्द्याला एक पुरवणी जोडतो. अमेरिकेत २०१८ ते २०२० या काळात ८३,४०१ लोकांचे मिळून १६.९ कोटी डॉलरचे वैद्यकीय कर्ज माफ करून त्याचा परिणाम चिठ्ठ्या टाकून तपासला गेला. २०२४ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा मनःस्वास्थ्यात सरासरीने काहीही सुधारणा दिसली नाही, आणि काही उपगटांत तर स्थिती थोडी बिघडलेली आढळली. सिंगापूरच्या निकालाशी हे विसंगत वाटेल, पण माझ्या मते तसे नाही. अमेरिकेतील ही बहुतांश कर्जे जुनी, वसुलीदारांकडे स्वस्तात विकली गेलेली होती. लोकांनी ती फेडणे आधीच सोडून दिलेले होते, आणि एक कर्ज माफ झाले तरी बाकीची होतीच. सिंगापुरात मदत आली तेव्हा घरात रोजचा तगादा चालू होता आणि खाती खरोखर बंद झाली. ज्या देण्याने आज झोप उडवली आहे ते मिटले तरच झोप परत येते. आठ वर्षांपूर्वीचा कागद फाडून ती येत नाही, उलट विसरलेली जखम उघडी पडू शकते.


उत्तर: मोजपट्टी

रात्रपाळी यांच्या पंधरवड्याच्या खर्चावर मला एक भर घालायची आहे. पुंजीचे सर्व प्रकार मनाला सारखाच आधार देत नाहीत. २०१६ मध्ये ब्रिटनमधील ५८५ बँक ग्राहकांच्या खात्यांचा त्यांच्या जीवनसमाधानाशी मेळ घालून पाहिला गेला. उत्पन्न, गुंतवणूक आणि कर्ज यांचा परिणाम बाजूला काढल्यावरही, हाताशी असलेली रोख शिल्लक ज्यांच्याकडे अधिक होती ते आपल्या आयुष्याविषयी अधिक समाधानी होते. घर, जमीन, निवृत्तीची ठेव यांना मोल असते, पण मंगळवारी आलेल्या संकटाला बुधवारी जमीन विकून तोंड देता येत नाही.

दुसऱ्या टोकाचेही एक उदाहरण देतो. स्वीडनमध्ये मोठी लॉटरी लागलेल्यांचा पाठपुरावा केला गेला, त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. एकंदर आयुष्याविषयीचे समाधान दहा वर्षांहून अधिक काळ वाढलेले राहिले, पण रोजचा आनंद आणि मनःस्वास्थ्य यांवरचा परिणाम त्यापेक्षा बराच लहान निघाला. हे लोक मुख्यतः गरीब नव्हते. मला यातून असे वाटते, की मनाच्या दृष्टीने पुंजीचा पहिला टप्पा, म्हणजे शून्यातून पंधरवडा किंवा महिनाभर निभावण्याइतके होणे, हाच सर्वांत मोलाचा असतो. हे माझे अनुमान आहे. वरच्या अभ्यासांनी ते सिद्ध केले आहे असा दावा मी करत नाही.


हिशेबवही

सर्वांचे मनापासून आभार. रात्रपाळीदादा, आपले उत्तर मी तीनदा वाचले. “बचत करा” हे वाक्य मी बैठकीत ज्या सहजतेने उच्चारत आले, त्याचे मला वाईट वाटते, आणि पुढच्या बैठकीपासून ते मी थांबवणार आहे.

ऐकणारी यांना एक व्यावहारिक गोष्ट विचारते. दुसऱ्या सभासदाची तीन देण्यांपैकी सर्वांत लहान रक्कम आमच्या गटाच्या निधीतून बिनव्याजी देऊन मिटवता येईल एवढी आहे. पण मग तीन देणी जाऊन दोन उरतील आणि गटाचे एक नवे देणे होईल, म्हणजे संख्या पुन्हा तीनच. यात तिचा काही लाभ आहे का? आणि तिच्याशी तिच्या मनःस्थितीविषयी मी कसे बोलू? मी तिची हिशेबनीस आहे, जवळची मैत्रीण नाही.


उत्तर: ऐकणारी

संख्या तीनच राहिली तरी देण्याचा स्वभाव बदलतो, म्हणून लाभ आहे, पण काही गोष्टी पाळल्या तरच. गटाचा हप्ता तिला पगार मिळतो त्या दिवसानंतर दोन-तीन दिवसांनी ठेवा. हप्ता चुकला तर काय होईल हे आधीच, लेखी आणि सौम्य शब्दांत ठरवा, म्हणजे तिला त्याची कल्पना करत बसावे लागणार नाही. ही मदत इतर सभासदांसमोर जाहीर करू नका. आणि शक्य असेल तर तिच्याबरोबर बसून उरलेल्या दोघांशीही बोलून हप्त्याच्या तारखा एकाच आठवड्यात आणा. ते मान्य करतीलच असे नाही, परंतु विचारण्यासाठी सोबत कोणी आहे, यानेच तिचा अर्धा भार हलका होईल. पावत्या हरवतात, तर त्यांची एक प्रत आपल्याकडे राहू द्या, आणि ही सोय सर्वच सभासदांना द्या, म्हणजे ती एकटी उठून दिसणार नाही.

बोलण्याविषयी म्हणाल, तर आपण हिशेबनीस आहात ही अडचण नाही. पैशाची लाज तिला जिच्यापुढे लपवावी लागत नाही अशी कदाचित आपणच एक व्यक्ती असाल. बैठक संपल्यावर, इतर निघून गेल्यावर, हिशेबाचे काम आधी करा आणि वही मिटल्यावर झोपेविषयी विचारा. “तुला नैराश्य आले आहे का” असे विचारू नका; “किती दिवसांपासून झोप लागत नाही?” असे विचारा, कारण त्या प्रश्नाला आकड्यात उत्तर देता येते आणि आकड्यात बोलण्याची तुम्हा दोघींना सवय आहे. ती बोलू लागली तर लगेच उपाय सुचवू नका, ऐका. जगण्यात अर्थ वाटत नाही, आपण नसलो तर बरे, अशा अर्थाचे काही तिच्या बोलण्यात आले, तर तो दिवस पुढे ढकलू नका. तिला एकटी न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे किंवा संकटकाळच्या मदतवाहिनीकडे घेऊन जाण्याची व्यवस्था करा. तसे काही नसेल, तर जवळच्या आरोग्य केंद्रात तपासणीची वेळ ठरवून द्या आणि पहिल्या खेपेला बरोबर जा. अशा माणसांची पहिली भेट बहुधा चुकते ती इच्छा नसते म्हणून नाही, तर त्या दिवशी आणखी एखादा हप्ता आडवा येतो म्हणून.


उत्तर: रात्रपाळी

एक लहानशी सूचना. ती फोन पालथा ठेवते असे आपण लिहिलेत. तीनही घेणेकऱ्यांशी एकदा बोलणे झाले आणि तारखा ठरल्या, की तिला सांगा की बैठकीच्या तासाभरात तो फोन आपल्या टेबलाच्या खणात ठेवून द्यावा. माझ्या परिचिताने पहिल्या दिवशी माझ्या बाबतीत हेच केले होते. पहिली दहा मिनिटे माझा हात खिशाकडे जात राहिला, मग थांबला.